छत बोलते

कुणाच्याही नव्या घरात पाऊल टाकलं की आमचे आबाजी आधी काठी उचलून छताला ठोकायचे आणि कान देऊन उभे राहायचे. आवाज मनासारखा आला की मगच पाणी घ्यायचे. बल्लारपूरच्या खदानीत त्यांची उमर गेली. म्हणायचे, "छत बोलते, पोरा. ठणठण वाजलं तं काम कर, ढबढब वाजलं तं पय." वरचा थर सुटला की आवाज पोकळ येतो. त्या आवाजाच्या पारखीवर त्यांच्या पिढीनं जीव राखले.

आबाजींच्या गोष्टी त्यांच्या आजोबांपासून, वरोऱ्यापासून सुरू व्हायच्या. 1870च्या दशकात इंग्रज सरकारनं तिथं कोळसा काढायला घेतला आणि त्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. 1906 मध्ये ती खाण बंद झाली. माणसं बल्लारपूरकडे सरकली, रूळही पुढं गेले. 1929 मध्ये बल्लारपूरचं बल्लारशाह स्टेशन काझीपेठशी जोडलं गेलं. आज दिल्लीहून चेन्नईला जाणारी गाडी वरोऱ्यावरून धडधडत जाते, ती कोळशानं पाडलेल्या वाटेनं.

आबाजींच्या काळी खाणीत पाळीवर निघताना बत्तीघरातून ज्योतीचा दिवा घ्यायचा. ज्योतीवर निळसर टोपी चढली की मिथेन आहे, ज्योत मंदावली की हवा मेली. आबाजी हे सांगताना आजीच्या समईकडं बघायचे. 1 मे 1973 हा दिवस त्यांच्या तोंडी सणासारखा असे. त्या दिवशी खाणी सरकारच्या झाल्या. त्याआधी हजेरीचे पैसे मिळण्याची खात्री नव्हती, नंतर पगाराची तारीख ठरली.

आबाजींचं हे जग बघायला चंद्रपूरला गेलात तर गोंडराजांचा परकोट पाहा. या गोंडांच्या मुलखावरूनच भूवैज्ञानिकांनी कोळशाच्या थरांना 'गोंडवाना' हे नाव दिलं. ते थर पंचवीस कोटी वर्षांहून जुने. त्यांतल्या दगडांवर ग्लॉसॉप्टेरिसची जिभेसारखी पानं उमटलेली आढळतात. आणि नागपूरहून सावनेरला जरूर जा. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीनं तिथं इको पार्क उभारलंय, भूमिगत खाणीची प्रतिकृतीही केली आहे. मी मुलीला घेऊन गेलो. अंधाऱ्या बोगद्यात तिनं माझा हात घट्ट धरला. मी तिला आबाजींच्या काठीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "पण बाबा, ढबढब म्हणजे नेमकं कसं?" मला तो आवाज काढून दाखवता आला नाही.

खाणीतले दिवे, टोप्या, कोळशाचे टब जपता येतात. तो आवाज मात्र ज्यांनी ऐकला त्यांच्याच कानात आहे, आणि ती माणसं म्हातारी झालीत. म्हणून बल्लारपूरला, लालपेठला जाल तेव्हा चहाच्या टपरीवर बसलेल्या एखाद्या निवृत्त खाणकामगाराशेजारी टेका. फक्त विचारा, "बाबाजी, छत कसं ओळखायचं?" बोलता बोलता त्यांची बोटं बाकावर वाजू लागतील. ते नीट ऐकून या.