विलीजचं वर उचललेलं नाक

नाशिकमध्ये ‘विलीज’ म्हटलं की जीप. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागांतून औषधाचे ड्रम वाहणारी, देवळालीच्या लष्करी लिलावात कुणाच्या तरी काकांनी घेतलेली, लग्नात नवरदेवाला मिरवणारी. यूट्यूबवर एका रात्री भलतीच विलीज समोर आली तेव्हा मी दोनदा नाव वाचलं. १९४१ची दोन दारांची गोलमटोल कार, पुढची चाकं सायकलसारखी बारीक, मागची ट्रॅक्टरच्या चुलतभावासारखी रुंद, आणि नाक असं वर उचललेलं की चालवणाऱ्याला रस्ता दिसतो की नुसतं आभाळ, असा प्रश्न पडावा. हिरवा दिवा लागला आणि ती पुढे गेली, असं म्हणणं कमी पडेल. ती गेलीच.

दोन्ही विलीज एकाच कंपनीच्या. ओहायोमधल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडच्या. जीपमधलं २.२ लिटरचं, साठेक हॉर्सपॉवरचं चार सिलिंडर इंजिन आणि त्या कारमधलं मूळ इंजिन सख्खी भावंडं. एक भाऊ महायुद्धावर गेला, तिथून १९४७ मध्ये महिंद्रांच्या हाताने मुंबईत सुट्या भागांतून जोडला जाऊ लागला. दुसरा भाऊ अमेरिकेतच राहिला, कुणाला नकोसा झाला, आणि नकोसा झाला म्हणूनच प्रसिद्ध झाला. हा लेख त्या दुसऱ्या भावाचा आहे. आणि पंचवटीत पत्र्याच्या शेडखाली २००४ पासून उभ्या असलेल्या आमच्या आजोबांच्या पद्मिनीचाही आहे, कारण माझ्या मामेभावाला तिचं नाक तसंच वर उचलायचं होतं.

आधी ड्रॅग रेस म्हणजे काय ते सांगतो. दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, लॅप नाही. थांबलेल्या अवस्थेतून सुटायचं आणि समोरच्याच्या आधी पोचायचं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला रात्री अकराला मोटारसायकलवाले जे करतात तेच, फक्त परवानगीने, मोजून आणि रुग्णवाहिका बाजूला उभी करून.

हे मोजून करायची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. युद्धाआधी तिथली पोरं म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर जुन्या फोर्ड पळवत. युद्धातून परतली तेव्हा हातात मेकॅनिकचं शिक्षण होतं आणि खिशात थोडे पैसे. देशभर लष्कराने बांधलेल्या धावपट्ट्याही रिकाम्या पडल्या होत्या. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्सने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली. हेतू साधा होता: पोरांना रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर न्यायचं. १९५५ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंडला झाली, तीही युद्धकाळातल्या एका विमानतळावरच.

या संघटनेच्या वर्गवारीतून ‘गॅसर’ नावाची जात जन्माला आली. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात. मिथेनॉल किंवा नायट्रोमिथेन न वापरता पंपावरच्या पेट्रोलवर पळणारी ती गॅसर. (खराखुरा गॅस नंतर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी लावला, ती वेगळी शर्यत.) वर्ग ठरायचा तो गाडीचं वजन भागिले इंजिनाचं आकारमान, या हिशोबाने. म्हणजे नियमच सांगत होता, हलकी गाडी शोधा आणि तिच्यात मोठं इंजिन कोंबा.

हलकी गाडी कोणती? १९३३ ते १९४१ मधली विलीज. मंदीच्या काळात तगून राहायला कंपनीने स्वस्त, छोटी, हलकी बनवलेली. पन्नाशीच्या दशकात तिला गिऱ्हाईक नव्हतं. भंगारवाल्याकडे फोर्डपेक्षा कमी पैशांत मिळायची. मग तिच्यात क्रायस्लरचं किंवा ओल्ड्समोबिलचं व्ही-८ बसायचं. इंजिनावर हवा कोंबणारा सुपरचार्जर बसायचा, आणि तोही मूळचा रेससाठी बनलेला नव्हता. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा तो ब्लोअर ट्रक आणि बसमधून काढून आणलेला असे. ‘सिक्स-सेव्हन्टीवन’ हे त्याचं नाव म्हणजे ७१ घन इंचांचे सहा सिलिंडर, एवढाच हिशोब. थोडक्यात, भंगारातल्या गाडीवर बसचा भाग. ही जुगाडाची भाषा आपल्याला परकी नाही.

आणि ते उचललेलं नाक? तो नुसता तोरा नव्हता. गाडी झटक्याने सुटते तेव्हा वजन मागे सरकतं. मागच्या चाकांवर जितका भार, तितकी पकड. तेव्हाचे टायर आजच्यासारखे चिकट नव्हते, म्हणून ही मंडळी गाडीचा गुरुत्वमध्य मुद्दाम वर घेत. पुढचं मूळ सस्पेन्शन काढून टाकायचं आणि खाली एक सरळ लोखंडी अ‍ॅक्सल, दोन पाटे बसवायचे. गाडी पुढून उंच व्हायची, वजनही घटायचं. संघटनेला अखेर नियम करावा लागला की क्रँकशाफ्ट जमिनीपासून २४ इंचांपेक्षा वर जाता कामा नये.

सगळ्यात गाजलेली गॅसर ‘स्टोन, वुड्स अँड कुक’ या त्रिकुटाची, १९४१ची निळी विलीज. मालक फ्रेड स्टोन आणि टिम वुड्स कृष्णवर्णीय, चालवणारा डग कुक गोरा. साठीच्या दशकातल्या अमेरिकेत, जिथे बसमधल्या सीटवरून आंदोलनं झाली होती, तिथे ही गाडी गावोगाव रेसला जात होती. ‘बिग जॉन’ मॅझमॅनियनच्या लाल विलीजशी तिची खुन्नस मासिकांतल्या जाहिरातींतून चालायची. क्लच आणि कॅमशाफ्टच्या कंपन्या एकमेकींना आव्हानं छापायच्या. दशक संपेस्तोवर फायबरच्या बॉडीच्या ‘फनी कार’ आल्या आणि गॅसरचं राज्य संपलं.

आता माझा मुद्दा. हे सगळं घडलं कारण ती गाडी कवडीमोल होती. जिची किंमत नाही तिच्यावर कटर चालवताना हात थरथरत नाही. आज अमेरिकेत जुन्या धाटणीची गॅसर बनवणारे बहुतेक जण फायबरची नक्कल वापरतात, कारण खऱ्या पत्र्याची विलीज हाती लागणं कठीण आणि लागली तर फार महाग.

आपल्याकडे त्याच वर्षांत काय चाललं होतं? वेडाची कमतरता नव्हती. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती होत, कलकत्त्याजवळ बराकपूरला होत, मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही झाल्या. शोलावरमला फियाट आणि हेराल्ड इंजिनं कोरून, कार्बोरेटर बदलून पळत. पण गाडी भंगार व्हायला आधी ती मुबलक लागते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ‘अकराशे डी’ आली. १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. परवाना राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत होतं, आणि पैसे भरून वर्षानुवर्षं थांबावं लागे. इतकं थांबून मिळालेली गाडी कोण कापेल? ती मुलीच्या लग्नाला वापरायची, मुलाला शिकवायची, मग जावयाला द्यायची.

इंजिनं मात्र आपणही बदलली, हे विसरलं जातं. पेट्रोल परवडेना तेव्हा जीपमधलं मूळ इंजिन उतरवून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवणारे मिस्त्री महाराष्ट्रात तालुक्यातालुक्यात होते. माउंटिंग वेल्ड करायची, बेल-हाउसिंगला जोडपट्टी बनवायची, प्रोपेलर शाफ्ट कापून लहान-मोठा करायचा. कॅलिफोर्नियातली पोरं करत होती तीच कामं. फरक एवढाच की तिथे सेकंद वाचवायचे होते, इथे रुपये. आपल्या या हॉट रॉडचा इतिहास कुणी लिहिला नाही, कारण करणाऱ्यांना तो इतिहास वाटलाच नाही. शिंगाडा तलावाकडच्या एका सत्तरीतल्या मिस्त्रींना मी विचारलं, “चाचा, तुम्ही अशा किती जीप केल्या असतील?” ते म्हणाले, “मोजायचं काय त्यात? पोळ्या मोजतं का कुणी?”

मामेभावाचं म्हणणं होतं, “दादा, गाडी वीस वर्षं उभी आहे. उंदीर राहतात. त्यापेक्षा काहीतरी होऊ दे तिचं.” लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती होतात, तिथे ती न्यायचं त्याचं स्वप्न. मामा गप्प बसले. आजोबांनी ही गाडी १९७६ मध्ये घेतली. मामांना पहिल्यांदा मुंबईला नेलं ते हिच्यातून, आणि आजोबांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही हिच्यातूनच. घरात त्यावर कुणी बोलत नाही, पण मामा दर दसऱ्याला शेडमध्ये जाऊन हार घालतात.

मी पेशाने कोड लिहिणारा, म्हणून आधी आकडे मांडले. ड्रॅगवाल्यांत एक ढोबळ सूत्र चालतं: गाडीचं पौंडांतलं वजन भागिले हॉर्सपॉवर, त्याचं घनमूळ, गुणिले ५.८२५. उत्तर पाव मैलाचे सेकंद. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, वर चालवणारा. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. उत्तर येतं सुमारे २२ सेकंद. तिच्यात ‘११८ एनई’चं निसानच्या रचनेचं इंजिन बसवलं, जे अनेकांनी बसवलंय, तर वीसच्या आसपास. घनमूळ फार दुष्ट असतं. ताकद दुप्पट केली तरी वेळ निम्मा होत नाही, जेमतेम पाचवा हिस्सा कमी होतो. तेरा सेकंदांत पोचायचं तर १९० हॉर्सपॉवर हवेत, म्हणजे मूळच्या पावणेपाच पट. तेवढी ताकद आली की गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, ब्रेक, सगळंच नवं. आजोबांच्या गाडीतलं उरणार काय? दारं आणि नंबर प्लेट.

त्याहून मोठी अडचण पत्र्याची. जुन्या विलीजला खाली वेगळी चासी असते, बॉडी वरून उचलून बाजूला ठेवता येते. पुढे काहीही कापा, जोडा, गाडीचा कणा शाबूत. फियाट अकराशेला वेगळी चासीच नाही. तिचा पत्रा हीच तिची हाडं. पुढचं सस्पेन्शन काढून सरळ अ‍ॅक्सल टाकायचा तर आधी त्या पत्र्यात लोखंडी सांगाडा घुसवून वेल्ड करावा लागेल. चाचांनी गाडीखाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने फ्लोअर टोचला. तीन ठिकाणी तो आरपार गेला. आतून पावसाळ्यांचा चुरा पडला.

मग कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. फक्त धावपट्टीवर चालवायची, ट्रकवर टाकून न्यायची, तर गोष्ट वेगळी. पण २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. रोज चालवता येत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नेता येते. १९७६ मध्ये पन्नास मिळवा. म्हणजे कटर लावायचा हट्ट नेमका त्या वर्षी, ज्या वर्षी गाडी सरकारदरबारी जपण्याजोगी ठरते.

आपल्याकडे पद्मिनी कापायची वेळ येऊन गेली, असं मला वाटतं. मुंबईतल्या टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेत येऊन एकेक करून भंगारात जात होत्या तेव्हा ती वेळ होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, त्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस तिची मुदत संपली. त्या वीस वर्षांत कवडीमोलाने मिळणाऱ्या पत्र्यावर कुणी हौस भागवली असती तर कुणाचंच काही गेलं नसतं. पण तेव्हा ज्याच्याकडे हौस होती त्याला नवी स्विफ्ट हवी होती.

मामेभावाला हे सगळं पटलं असं नाही. “तू एक्सेल शीट दाखवून सगळ्यांना गप्प करतोस,” असं तो म्हणाला, आणि त्यात थोडं तथ्य आहे. पण चाचांनी त्याला त्यांच्या आवारातली एक जीप दाखवली. इंजिन नाही, बॉडी अर्धी, चासी सरळ. त्याने वाकून खाली पाहिलं. पुढे सरळ लोखंडी अ‍ॅक्सल, दोन बाजूंना पाटे, नाक आपोआप वर. कॅलिफोर्नियातली पोरं रात्र रात्र जागून जे बनवत होती ते या विलीजला कारखान्यातूनच मिळालेलं. जीप वाऱ्याला आडवी उभी राहणारी वीट आहे, वजनही पद्मिनीपेक्षा जास्त, तेव्हा सूत्र इथेही दया दाखवणार नाही. त्याला ते माहीत आहे. सौदा साठ हजारांवर अडलाय. चाचा पासष्ट म्हणताहेत.

पद्मिनीचा फ्लोअर सध्या कापला जातोय, पण नवा पत्रा त्याच मापाचा बसवायला. मूळ आरसी बुक मामींच्या लोखंडी कपाटात, साड्यांखाली सापडलं. इंजिन नंबर चासीवरच्या आणि पुस्तकातल्या नोंदीशी जुळवायला मामा स्वतः भिंग घेऊन बसले होते. एक आकडा गंजलाय, तो तीन आहे की आठ, यावर घरात दोन तट आहेत.