तळटीप : ‘एलिचपूरचा रुपया’

एलिचपूर, म्हणजे आजचे अमरावती जिल्ह्यातील अचलपूर, येथे मोगल अमदानीपासून टांकसाळ होती. १८०३ पर्यंत वऱ्हाडाच्या महसुलात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही वाटा असे (यालाच ‘दोअमली’ म्हणत). दोघांचीही नाणी दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत असल्यामुळे नाण्यावरचे नाव वाचून ते कोणाचे हे ठरत नाही. त्यासाठी ‘जर्ब’ (ठसा मारला) या फार्सी शब्दाला जोडून येणारे टांकसाळीचे गाव, ‘जुलूस’ म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष आणि टांकसाळीची खूण पाहावी लागते. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने नेमके गावाचेच नाव पुष्कळदा कडेबाहेर राहते, आणि मग उरलेल्या दोनतीन अक्षरांवर अभ्यासकांचे वाद रंगतात. १८५७ च्या उठावानंतर निजामाने बादशहाचे नाव वगळून आसफजाहाचे नाव व ९२ हा अंक (अबजद पद्धतीने ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज) घातला. तोवर १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेलेला असल्यामुळे अकोल्यात असे नाणे मिळाले तरी ते वऱ्हाडी टांकसाळीचे मानू नये.