'स्लेव्ह' : गुलामी रक्तात नसते, याचा पुरावा

काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, गुलामी त्यांच्या रक्तातच असते, असे सांगणाऱ्यांना आम्ही फक्त एक शब्द दाखवतो : इंग्रजीतला 'स्लेव्ह'.

फ्रेंचमध्ये 'एस्क्लाव', स्पॅनिशमध्ये 'एस्क्लावो', जर्मनमध्ये 'स्क्लावे', इटालियनमध्ये 'स्कियावो'. हे सगळे मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'स्क्लावुस'वरून आले. हा 'स्क्लावुस' कोण? तर स्लाव्ह! पूर्व युरोपातल्या गोऱ्या लोकांचे हे नाव. प्राचीन रोममध्ये गुलामाला 'सर्वुस' म्हणत. पण मध्ययुगात स्लाव्ह माणसे इतक्या मोठ्या संख्येने पकडून विकली गेली, की त्यांच्या नावाचाच अर्थ 'गुलाम' होऊन बसला.

व्हेनिसच्या बोलीत 'मी आपला दास' असे अदबीने म्हणताना हाच शब्द वापरत. तो झिजून 'चाओ' झाला. आज तो सहज निरोपादाखल बोलला जातो.

पुढे हाच शब्द अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकनांना लावला गेला आणि मालक सांगू लागले, गुलामी काळ्या कातडीतच आहे! मग गोऱ्या स्लाव्हांचे काय? कातडी बदलली, सबब बदलली, धंदा तोच राहिला.

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. तिथली गुलामी आणि इथली गुलामी त्यांनी एकाच नजरेने पाहिली.

म्हणून मित्रांनो, एखाद्या समाजाचे नाव शिवीसारखे वापरले जाते, तेव्हा त्या समाजात खोट शोधू नका. त्याला बाजारात उभे कोणी केले, हे विचारा.