यंत्रकासवाचे बालगुरू

किल्लीचे माकड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. किल्ली दिली की झांजा वाजवते, किल्ली संपली की गप्प. मुलाने करायचे काय, तर किल्ली द्यायची. आणि दोन दिवसांनी त्याचे पोट उघडून पाहायचे! पण खेळणे मुलाचे सांगणे ऐकू लागले तर? आज त्याचीच हकीकत सांगायची आहे.

१९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडात ब्रिस्टल येथे मेंदूचे अभ्यासक विल्यम ग्रे वॉल्टर यांनी एल्मर आणि एल्सी नावाची दोन यंत्रकासवे बनविली. पोटात दोन व्हॉल्व्ह, प्रकाश ओळखणारा एक डोळा आणि धक्का लागताच कळणारे कवच, एवढाच संसार. तरी ती उजेडाकडे चालत जात, वाटेत अडथळा आला तर वळसा घालत. मात्र ती चालत आपल्याच स्वभावाने. त्यांना काही शिकवण्याची सोय नव्हती.

ती सोय सीमोर पॅपर्ट यांनी केली. हे गृहस्थ १९२८ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला जन्मले. लहानपणापासून त्यांना दातेरी चाकांचे भारी वेड. पुढे ते गणिती झाले, जिनिव्हात झाँ पियाजे यांच्याजवळ राहून मुलांची विचार करण्याची रीत त्यांनी अभ्यासली, आणि मग अमेरिकेत गेले. त्या काळी शाळेत गणकयंत्र आणायचे म्हणजे यंत्राने प्रश्न विचारायचा आणि मुलाने उत्तर द्यायचे, अशीच कल्पना होती. यंत्र मास्तर, मूल विद्यार्थी! पॅपर्ट म्हणाले, हे उलटे करू. मूलच यंत्राला शिकवील.

१९६७ साली वॉलेस फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. काही वर्षांतच तिला जमिनीवर चालणारे कासव जोडले गेले. त्याला चाके होती आणि पोटाशी लेखणी. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असे चार वेळा सांगितले की चौकोन तयार.

आता त्रिकोण काढायचा. मूल मोठ्या ऐटीत सांगते, वळ ६०. त्रिकोण काही जुळत नाही! अशा वेळी उत्तर सांगायचे नाही. तूच कासव हो आणि चालून बघ, असे म्हणायचे. चालताना त्याला उमगते की कासव वळते ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२०. इथे चूक म्हणजे तांबडी शाई नव्हे. शोधून काढण्याची गंमत आहे. म्हणून ते मूल भीत नाही.

पुढे हे कासव मुलांनी स्वतः जोडायच्या ठोकळ्यांत शिरले. लेगो कंपनीने १९९८ साली संगणक बसविलेला ठोकळा विक्रीला आणला. त्याला पॅपर्ट यांच्या १९८० मधील ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाचेच नाव दिले. २०२२ च्या अखेरीस ती मालिका बंद झाली. पॅपर्ट त्याआधीच, २०१६ साली निवर्तले.

खेळणी येतात नि जातात. आज यंत्रमानवाचे महागडे संच मिळतात. पण चित्रात दाखविले तसे जोडले आणि कळ दाबली, एवढेच मुलाने करायचे असेल, तर ते पुन्हा किल्लीचे माकडच! उलट, अंगणात खडू घेऊन एका मुलाने कासव व्हावे आणि दुसऱ्याने हुकूम द्यावेत, याला पैसा लागत नाही. त्रिकोण चुकला तर मोठ्यांनी एवढेच करावे: थोडा वेळ गप्प बसावे.