जहाजाला अटक : मार्मागोवा ते विशाखापट्टणम, १९८४

१/ ८ फेब्रुवारी १९८४. 'एम. व्ही. एलिझाबेथ' हे परदेशी मालवाहू जहाज गोव्यातील मार्मागोवा बंदर सोडून निघाले. त्यात गोव्याच्या हरवान इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग या कंपनीचा माल होता. मात्र त्या मालाचे बिल ऑफ लेडिंग कंपनीला मिळालेच नव्हते.

२/ बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती आणि त्यावरील हक्काचा कागद. तो हाती असेपर्यंत विक्रेत्याची मालावर पकड राहते. खरेदीदाराने ठरलेली किंमत चुकती केली नव्हती, म्हणून माल त्याच्या स्वाधीन करू नये असे कंपनीने कळवले होते. तरीही माल त्याला देण्यात आला.

३/ आता दाद मागायची कोणाकडे? चंद्रपूर-गडचिरोलीतला देणेकरी परागंदा झाला, तरी त्याचे घर आणि शेत जागेवर राहते. न्यायालय त्यावर जप्ती आणू शकते. एलिझाबेथची मालक कंपनी ग्रीसमधून कारभार करणारी. अशा मालकाची इथे हाती लागणारी मालमत्ता बहुधा एकच : जहाज. नांगर उचलला की तेही गेले.

४/ सागरी कायद्यात यावर जुना उपाय आहे. दावा थेट जहाजाविरुद्ध लावायचा. जहाज हेच प्रतिवादी. न्यायालयाने अटकेचा हुकूम काढला की जहाजाला बंदर सोडता येत नाही. मालकाने तारण भरले की जहाज सुटते आणि खटला त्या तारणावर चालतो.

५/ १३ एप्रिल १९८४ रोजी एलिझाबेथ विशाखापट्टणमला आले आणि आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या हुकमाने अडकले. मालकाने आपला आक्षेप कायम राखून १४ लाख २५ हजार रुपयांची बँक हमी दिली, जहाज सुटले.

६/ आक्षेप साधा होता : या न्यायालयाला हा अधिकारच नाही. सागरी दाव्यांविषयी भारतात १८४० आणि १८६१ चे इंग्रजी कायदे लागू होते. १८९० व १८९१ च्या कायद्यांनी ते अधिकार मुंबई, कलकत्ता व मद्रास उच्च न्यायालयांना दिले. आंध्रचा अधिकार मद्रासच्या वारशाने आलेला.

७/ १८६१ च्या कायद्यात मालाच्या दाव्याची तरतूद होती, पण ती बंदरात आणलेल्या मालापुरती. एलिझाबेथने माल भारतातून बाहेर नेला होता. इंग्लंडच्या व्यापाऱ्याची सोय पाहून लिहिलेले एक कलम गोव्याच्या निर्यातदाराच्या आड आले.

८/ इंग्लंडने १९५६ आणि १९८१ मध्ये आपल्या न्यायालयांचे सागरी अधिकार विस्तारले. भारतात राज्यघटनेच्या ३७२ व्या कलमाने जुने कायदे रद्द होईपर्यंत चालू ठेवले होते, आणि हे कायदे कोणी बदललेच नव्हते. लंडनच्या न्यायालयापाशी असलेला अधिकार स्वतंत्र भारताच्या न्यायालयापाशी नाही, असा त्या युक्तिवादाचा अर्थ होत होता.

९/ २६ फेब्रुवारी १९९२ रोजी न्या. टी. के. थॉमेन आणि न्या. आर. एम. सहाय यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो फेटाळला. उच्च न्यायालये ही सार्वभौम प्रजासत्ताकाची अभिलेख न्यायालये आहेत; त्यांचे अंगभूत अधिकार वसाहतकालीन कायद्याच्या चौकटीत गोठलेले नाहीत. कायद्याने स्पष्टपणे काढून घेतलेला नसेल, तर अधिकार आहेच. जहाजाची अटक वैध ठरली.

१०/ जहाजांच्या अटकेविषयी १९५२ चा ब्रुसेल्स करार आहे. भारताने तो स्वीकारला नव्हता. तरीही जगभर रूढ झालेली त्याची तत्त्वे न्यायालयाने विचारात घेतली. कायदा नव्याने करण्याची गरजही निकालात स्पष्ट नोंदवली गेली.

११/ संसदेला त्यासाठी आणखी २५ वर्षे लागली. २०१७ चा सागरी दाव्यांचा कायदा १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला आणि ते चारही जुने कायदे रद्द झाले. जहाजावरील बोजांच्या क्रमवारीत या कायद्याने पहिले स्थान दिले आहे ते खलाशांच्या थकलेल्या पगाराला. मालक समुद्रापलीकडे असला, तरी परक्या बंदरात पगाराविना अडकलेल्या खलाशाला त्याचे जहाज रोखून धरता येते.