हजारातला एक रुग्ण

डोंबिवलीत मानपाडा रोडवर माझा दवाखाना आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी काही वर्षे आठवड्यातून एक दिवस माझ्याकडे येऊन बसत. पहिल्याच दिवशी एकाने विचारले, "सर, इथे केसेस कधी येतात?" बाकावर तेव्हा अकरा माणसे बसली होती. कुणाला ताप, कुणाला अंगदुखी, कुणाला झोप नाही. हा प्रश्न त्याला का पडावा, याचा शोध घेता घेता मी जुन्या मुंबईपर्यंत पोचलो.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. पुढच्या पिढीतले डॉ. सखाराम अर्जुन मुंबईत व्यवसाय करत आणि ग्रँटमध्ये वनस्पतिशास्त्रही शिकवत. रखमाबाई ही त्यांची सावत्र मुलगी. १८७९ मध्ये त्यांनी मुंबईतल्या औषधींची सूची प्रसिद्ध केली. म्हणजे घरोघर जाणारा डॉक्टर आणि वर्गात शिकवणारा गुरू, ही दोन माणसे तेव्हा वेगळी नव्हती.

१९२६ मध्ये परळला सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय उभे राहिले. तिथले अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले भारतीय असावेत, अशी देणगीदारांची अट होती. त्यातून मानद डॉक्टरांची परंपरा रुजली. सकाळी वॉर्डात शिकवायचे, संध्याकाळी स्वतःचे रुग्ण तपासायचे. मात्र हे मानद डॉक्टर बहुतेक तज्ज्ञ होते, आणि शिकवणे वॉर्डातच होई. गल्लीतला दवाखाना अभ्यासक्रमाबाहेरच राहिला.

१९४६ च्या भोर समितीने समाजाभिमुख डॉक्टरची कल्पना मांडली. पण त्याच अहवालात बहुमताने लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. देशातल्या सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० तेव्हा लायसेन्शिएट होते. शिक्षणाचा दर्जा वाढावा हा हेतू रास्त होता. पण घराघरांत सर्वाधिक वावरणारा वर्ग त्यामुळे ओसरत गेला.

१९६१ मध्ये केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या आकडेवारीवरून एक हिशेब मांडला. महिनाभरात हजार प्रौढांपैकी ७५० जणांना काहीतरी दुखणे होते, २५० डॉक्टरकडे जातात, ९ रुग्णालयात दाखल होतात आणि शिक्षण-रुग्णालयात पोचतो फक्त एक. विद्यार्थी शिकतो त्या एकावर. दोनच वर्षांनी एडिंबरा विद्यापीठाने जनरल प्रॅक्टिसचे स्वतंत्र अध्यासन सुरू केले.

ठाणे महापालिकेचे कळव्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९९२ चे. आता देशभर विद्यार्थ्यांना कुटुंबे दत्तक देण्याचा उपक्रम अभ्यासक्रमात आला आहे. माझ्याकडचे दिवस मात्र आधीच बंद झाले. त्याला परीक्षेत गुण नव्हते.

त्या विद्यार्थ्याचा शेवटचा दिवस मला आठवतो. अंगदुखीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला गोळी सुचवण्याआधी त्याने विचारले, "ताई, घरी पाणी कोण भरतं?" तिसऱ्या मजल्यावर रोज हंडे चढवत होती ती. त्या दिवशी त्याने केसेसबद्दल विचारले नाही.