क्षमापनापत्र : एका हस्तलिखित परंपरेचा मागोवा

भाद्रपद महिन्यात आपल्या भागातील धान पोटरीवर येतो, त्याच सुमारास जैन घराघरांत वर्षभराच्या वागण्याचा हिशेब मांडला जातो. श्वेतांबर परंपरेत भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीला संवत्सरी येते. दिगंबर परंपरेत शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्व चालते आणि त्यानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. एकीकडे ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, दुसरीकडे ‘उत्तम क्षमा’. शब्द वेगळे असले तरी भाव एकच आहे. जो समोर आहे त्याची क्षमा हात जोडून मागता येते. परंतु जो दूर आहे, किंवा जवळ असूनही ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याचे काय? या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी दिलेले उत्तर म्हणजे क्षमापनापत्र होय. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या परंपरेचे स्मरण करणे उचित ठरेल.

क्षमेला संवत्सरीची मुदत का, याचे मर्म कर्मसिद्धांतात आहे. श्वेतांबर कर्मग्रंथांत क्रोधादी कषायांचे चार प्रकार सांगितले आहेत. संज्वलन कषाय पंधरा दिवस टिकतो, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण एक वर्ष आणि अनंतानुबंधी जन्मभर. यांना अनुक्रमे पाण्यावरची, वाळूवरची, जमिनीवरची आणि दगडावरची रेघ अशी उपमा दिली जाते. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणांचा क्रम याच मुदतींशी जुळतो. वर्ष उलटूनही मनातील वैर शिल्लक राहिले, तर जमिनीवरची रेघ दगडावर जाऊ लागली असे समजावे. म्हणूनच संवत्सरी टळू द्यायची नसते.

क्षमापनेची सर्वांत प्रसिद्ध कथा भगवान महावीरांच्या काळातील आहे. सिंधु-सौवीरचा राजा उदायन आणि उज्जयिनीचा चंडप्रद्योत यांचे युद्ध झाले. पराभूत चंडप्रद्योताच्या कपाळावर ‘दासीपती’ अशी अपमानकारक अक्षरे डागून उदायन त्याला बंदी करून नेऊ लागला. वाटेत पावसाळा लागला, छावणी पडली आणि पर्युषण आले. उदायनाचा उपवास होता. आज काय जेवणार, असे आचाऱ्याने बंदी राजाला एकट्यालाच विचारले, तेव्हा त्याला विषप्रयोगाची शंका आली आणि त्याने आपलाही उपवास असल्याचे सांगितले. हे ऐकताच उदायन थबकला. साधर्मिक बंधूला बेड्यांत ठेवून आपले पर्व शुद्ध कसे होईल? त्याने चंडप्रद्योताला मुक्त केले, क्षमा मागितली आणि कपाळावरची अक्षरे झाकण्यासाठी सुवर्णपट्ट बांधला. या कथेत जिंकलेला हरलेल्याची क्षमा मागतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणखी एक गोष्ट अशी की, डागलेले अक्षर पुसता येत नाही, ते फार तर झाकता येते. म्हणून अक्षर लिहिण्यापूर्वीच विचार हवा.

अक्षरांचा चांगला उपयोग आपल्या संघांनी शतकानुशतके केला. पर्युषणानंतर गावचा संघ दूरच्या आचार्यांना जे पत्र धाडीत असे, त्याला विज्ञप्तिपत्र म्हणत. कागदाच्या लांबच लांब गुंडाळीवर प्रारंभी मंगलचिन्हे व चित्रे असत, पुढे गावाचे वर्णन असे. त्यानंतर पर्वाचा वृत्तांत, झालेल्या चुकांची क्षमायाचना आणि पुढील चातुर्मासासाठी पधारण्याची विनंती येई. अखेरीस प्रमुख श्रावकांच्या सह्या असत. आग्रा येथील संघाने इ. स. १६१० मध्ये विजयसेनसूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र विशेष प्रसिद्ध आहे. उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने त्यात जहांगीर बादशहाचा दरबार रंगविला असून पर्युषणातील जीवहिंसेस मनाई करणाऱ्या फर्मानाचा प्रसंग त्यात आहे. अशा पत्रांचा अभ्यास करून हीरानंद शास्त्री यांनी त्यांवरील ग्रंथ १९४२ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध केला.

हस्तलेखन आणि क्षमा यांचे नाते आपल्या विदर्भातही जुने आहे. कारंजा (लाड) येथील भट्टारकपीठांच्या शास्त्रभांडारांत हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जतन झाली. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक अनेकदा वाचकाची क्षमा मागतो : पाठीला बाक आला, दृष्टी शिणली, तरी काही चुकले असल्यास दोष देऊ नये, असा त्याचा आशय असतो. ग्रंथ दुसऱ्याचा, श्रम आपले आणि तरीही क्षमायाचना आपलीच, ही नम्रता विचार करायला लावणारी आहे.

१ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड भारतात सुरू झाले. संघाची गुंडाळी पाठविण्याची ऐपत नसलेल्या सामान्य श्रावकालाही आता क्षमा डाकेने पाठविता येऊ लागली. बुंदेलखंड, राजस्थान, गुजरात येथून व्यापारानिमित्त विदर्भात स्थिरावलेल्या कुटुंबांना या पत्रांनी मूळ गावाशी आणि सासरी गेलेल्या लेकींशी जोडून ठेवले. लाखांदूर तालुक्यातील आपल्या दिघोरीसारख्या गावी डाक येणे हीच मोठी गोष्ट होती. मंगल वार्तेच्या पत्रावर कुंकवाचे बोट लागे, दुःखद वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. त्यामुळे वाचण्याआधीच पत्र ओळखू येई. क्षमापनेचे पत्र मात्र हस्ताक्षरावरून ओळखले जाई. कोणी लिहिले आहे हे पाहूनच वाचणाऱ्याचे मन हेलावत असे.

पुढे छापील क्षमापनापत्रिका आल्या आणि त्यानंतर भ्रमणध्वनीवरील संदेश आले. सोय वाढली, हे मान्य केलेच पाहिजे. परदेशी असलेल्या नातवंडापर्यंत क्षणात क्षमायाचना पोहोचते. मात्र एक उणीवही आली. एकच मजकूर शेकडो जणांना जातो आणि त्यांतील बहुतेकांशी आपले काहीच बिनसलेले नसते. ज्या भावाशी बांधावरून किंवा वाटणीवरून अबोला आहे, ज्या बहिणीला माहेरची वाट बंद झाली आहे, त्यांचे नाव बहुधा त्या यादीत नसते. छापील मजकुरात ‘जाणता-अजाणता झालेल्या चुका’ असे मोघम लिहिता येते. हाताने लिहिताना कोणती चूक, हे लिहावे लागते, आणि तेथेच लेखणी अडते. ती अडते तेथूनच खरी क्षमापना सुरू होते.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांस दोन विनंत्या आहेत. घरातील जुन्या पेटीत आजी-आजोबांची क्षमापनापत्रे असतील तर ती रद्दीत देऊ नयेत. आपल्या समाजाचा इतिहास त्यांत आहे. आणि येत्या संवत्सरीला वा क्षमावाणीला शंभर संदेश अवश्य पाठवावेत. परंतु त्याआधी एक पत्र स्वहस्ते लिहावे, ज्याला लिहिणे सर्वांत कठीण वाटते त्याला. उत्तर येईल किंवा येणार नाही. आपल्या मनातील दगडावरची रेघ मात्र पुन्हा वाळूवर येईल, आणि धर्माने आपल्याकडून तेवढेच मागितले आहे.

पोथीच्या लेखनिकाप्रमाणे प्रस्तुत लेखकाचीही अखेरीस एवढीच प्रार्थना : या लेखात काही न्यूनाधिक झाले असल्यास सुज्ञ वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.

मिच्छामि दुक्कडम्. उत्तम क्षमा.